एप्रिलही हिशेबात असतो

बोस्टनमध्ये एप्रिल महिन्यात एक वाक्य सारखं कानावर पडतं: 'अजून तर एप्रिलच आहे!' शहराचा बेसबॉल संघ रेड सॉक्स लागोपाठ चार सामने हरला की लोक एकमेकांना असा धीर देतात आणि लागोपाठ पाच जिंकला की त्याच वाक्यानं एकमेकांचा उत्साह आवरतात. वर्षाला 162 सामने असलेल्या खेळात पहिल्या पंधरा-वीस सामन्यांवर फार जीव टाकू नये, असं त्यामागचं शहाणपण. बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज चालतो. इतक्या लांबच्या वाटेवर पहिल्या वळणाची काय मातब्बरी?

मला हे शहाणपण कधी पटलं नाही. शिक्षणासाठी बोस्टनमध्ये राहिले तेव्हा या संघाचं वेड लागलं, पुण्याला परतल्यावर ते कमी होण्याऐवजी वाढलं आणि त्याच्या सव्वाशे वर्षांच्या नोंदी चाळण्याची सवय जडली. त्या नोंदी वाचताना माझं मत पक्कं होत गेलं. एप्रिल भविष्य सांगत नाही, हे मान्य. पण एप्रिल हिशेबातून कधी वजाही होत नाही. रेड सॉक्सच्या इतिहासातली सर्वांत मोठी सुखं आणि सर्वांत खोल दुःखं एकेका सामन्याच्या फरकानं घडली आहेत, आणि तो एक सामना शोधायला निघालं की पावलं वारंवार वसंतातल्या थंडगार दिवसांकडे वळतात. त्यात समोर न्यूयॉर्क यांकीज असतील तर मग विचारूच नका.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. मेजर लीगमध्ये 30 संघ आहेत. दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन विभाग, प्रत्येक विभागात पाच संघ. रेड सॉक्स आणि यांकीज अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात आहेत. सामना अनिर्णित राहत नाही. नऊ इनिंगमध्ये बरोबरी झाली तर दहावी, अकरावी, लागेल तितक्या. बोनस गुण नाहीत, धावगतीची भानगड नाही. किती सामने जिंकले, एवढंच मोजायचं. उत्तम संघसुद्धा वर्षाकाठी साठेक सामने हरतो आणि सुमार संघही साठेक जिंकतो, त्यामुळे सगळी लढाई उरलेल्या चाळीसेक सामन्यांची असते. ते चाळीस कोणते, हे मात्र आधी कुणालाच कळत नाही. म्हणून 3 एप्रिलचा विजय आणि 28 सप्टेंबरचा विजय तक्त्यात शेजारी शेजारी बसतात, एकाच किमतीचे.

बोस्टनचा हंगाम खरं तर फेब्रुवारीतच सुरू होतो. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग असतात आणि रेड सॉक्सच्या मैदानाच्या, फेनवे पार्कच्या, बाहेर एक मोठा मालट्रक उभा असतो. त्यात चेंडू, बॅटी, हेल्मेटं, गणवेश असं सामान भरून तो फ्लॉरिडातल्या फोर्ट मायर्सकडे, सुमारे दीड हजार मैलांच्या प्रवासाला निघतो. खेळाडू त्यात नसतात. तरी त्या ट्रकला निरोप द्यायला लोक लहान मुलांना खांद्यावर घेऊन थंडीत उभे राहतात. हिवाळा आता फार दिवस टिकणार नाही याची ती पहिली खात्री असते. फोर्ट मायर्सच्या सरावाच्या मैदानातही फेनवेमधल्या प्रसिद्ध हिरव्या भिंतीची प्रतिकृती बांधलेली आहे, म्हणजे डाव्या मैदानात उभ्या राहणाऱ्या खेळाडूला चेंडू भिंतीवरून कसा उसळतो याचा अंदाज आधीच यावा.

ती भिंत म्हणजे ग्रीन मॉन्स्टर. उंची 37 फूट 2 इंच. डाव्या बाजूची सीमा फलंदाजापासून अवघ्या 310 फुटांवर आहे, कारण मैदानाला लागूनच रस्ता आहे आणि 1912 साली शहराच्या मधोमध जेवढी जागा मिळाली तेवढ्यात मैदान बसवावं लागलं. इतरत्र सहज झेल होणारा चेंडू इथे भिंतीवर आपटून दोन बेस देऊन जातो आणि इतरत्र होम रन होणारा, म्हणजे थेट सीमेपलीकडे जाणारा, सणसणीत फटका भिंतीला लागून एका बेसवर अडतो. एप्रिलमध्ये त्यात थंडीची भर. थंड हवा दाट असते, चेंडू तिच्यातून कमी अंतर कापतो. बॅटीच्या मुठीजवळ चेंडू लागला तर हातांना झिणझिण्या येतात. चेंडू टाकणाऱ्या पिचरची बोटं बधिर होतात आणि चेंडूवरची पकड सुटते. प्रेक्षक मांडीवर घोंगडी घेऊन बसतात. जुलैमध्ये भिंतीपलीकडे गेला असता तो फटका एप्रिलमध्ये झेलात जातो. खेळ तोच असतो, पण धावा कष्टानं काढाव्या लागतात, आणि त्यामुळेच मला हे सामने अधिक आवडतात.

बोस्टनचा संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास लागतो. इंटरनेटवरून रेडिओ लावला की जो कॅस्टिलिओनी यांचा आवाज यायचा. 1983 पासून 2024 पर्यंत त्यांनी रेड सॉक्सचं वर्णन केलं. बेसबॉल रेडिओवर ऐकण्यात मोठा आनंद आहे, कारण दोन चेंडूंच्या मधल्या वेळेत वारा कुठून वाहतोय, भिंतीच्या माथ्यावरचे झेंडे कोणत्या दिशेला फडफडताहेत, हे सगळं सांगायला सवड असते. पाडव्याच्या आगेमागे सुरू होणारा हा पहाटेचा परिपाठ घरच्यांनी आता स्वीकारला आहे.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी मात्र पहाटे उठावं लागत नाही. त्या दिवशी मॅसॅच्युसेट्समध्ये पेट्रियट्स डेची सुट्टी असते. 19 एप्रिल 1775 रोजी लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्डला ब्रिटिश फौजेशी पहिली चकमक झाली, तिच्या स्मरणार्थ. बोस्टन मॅरेथॉनही त्याच दिवशी असते आणि रेड सॉक्स सकाळी अकराच्या सुमारास खेळायला उतरतात. सामना संपवून लोक केनमोर स्क्वेअरला येतात तेव्हा मॅरेथॉनचे धावपटू शेवटच्या मैलात असतात. सकाळी अकराचा सामना मेजर लीगमध्ये दुसरीकडे सहसा सापडत नाही. पुण्यात तेव्हा जेवणाची वेळ झालेली असते.

आता यांकीजबद्दल. या वैराची गोष्ट सांगणारे बहुतेक जण बेब रूथपासून सुरुवात करतात. 1918 पर्यंत रेड सॉक्सनी पाच वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली होती, यांकीजनी एकदाही नाही. 1919 मध्ये रूथनं 29 होम रन मारून विक्रम केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनचे मालक हॅरी फ्रेझी यांनी त्याला न्यूयॉर्कला विकलं. पुढच्याच मोसमात त्यानं 54 होम रन मारले. 1923 ते 2000 या काळात यांकीजनी 26 अजिंक्यपदं मिळवली; बोस्टनला 2004 पर्यंत एकही नाही. यालाच पुढे रूथचा शाप म्हणू लागले आणि 1990 साली डॅन शॉनेसी यांच्या पुस्तकानं ते नाव घरोघरी पोचलं.

शापाची कथा सांगायला सोपी आहे म्हणून ती टिकली. तिनं माणसांच्या निर्णयांवर पांघरूण घातलं, हा माझा तिच्यावरचा मुख्य राग. रूथ एकटाच गेला नव्हता. कार्ल मेज, वेट हॉइट, एव्हरेट स्कॉट, वॉली शँग, जो ड्युगन, हर्ब पेनॉक अशी रांगच लागली. 18 एप्रिल 1923 रोजी यांकी स्टेडियमचं उद्घाटन झालं ते बोस्टनविरुद्धच्या सामन्यानं. रूथनं तीन धावांचा होम रन मारला, यांकीज 4-1 असे जिंकले आणि त्या दिवशीच्या यांकीज संघात बोस्टनहून आलेले खेळाडू सगळीकडे दिसत होते. आपलीच माणसं परक्या गणवेशात नवं घर साजरं करताहेत, आणि पाहुणे म्हणून आपण.

फेनवे पार्कचंही तसंच. 20 एप्रिल 1912 रोजी तिथला पहिला अधिकृत सामना झाला तो न्यूयॉर्कशीच. तेव्हा त्यांना हायलँडर्स म्हणत. पावसामुळे सामना लांबणीवर पडला होता आणि पाचच दिवसांपूर्वी टायटॅनिक बुडाल्यामुळे वर्तमानपत्रांची पानं त्याच बातम्यांनी भरलेली होती. रेड सॉक्स अकराव्या इनिंगमध्ये 7-6 नं जिंकले. ट्रिस स्पीकरच्या फटक्यावर विजयी धाव आली. म्हणजे दोन्ही शहरांची देवळं एकमेकांच्या साक्षीनं, एप्रिलमध्येच उघडली.

20 एप्रिल 1939 ची नोंदही अशीच. न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षांचा टेड विल्यम्स पहिल्यांदा मेजर लीगमध्ये खेळला. आधी दोनदा बाद होऊन मग त्यानं रेड रफिंगला दोन बेसचा फटका मारला. हा रफिंगही पूर्वीचा बोस्टनकरच. समोर यांकीजकडून लू गेरिग खेळत होता आणि त्या दिवशी त्याच्या बॅटीतून एकही फटका निघाला नाही. आपल्या शरीराला काय होतंय हे त्याला ठाऊक नव्हतं. 2 मे रोजी तो स्वतःहून बाजूला झाला आणि 2130 सलग सामन्यांची त्याची मालिका थांबली. दोन वर्षांनी तो गेला. एकाच मैदानावर, एकाच दुपारी, एका महान फलंदाजाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट. पाहणाऱ्यांच्या लेखी तो हंगामाचा साधा पहिला सामना होता.

शापाच्या पांघरुणाखाली दडलेलं सर्वांत काळं पानही एप्रिलचंच आहे. 16 एप्रिल 1945 रोजी फेनवे पार्कमध्ये तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी झाली: जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स. बोस्टनचे नगरसेवक इझाडोर मचनिक यांनी रेड सॉक्सवर दबाव आणला होता की कृष्णवर्णीयांना संधी देणार नसाल तर रविवारी सामने खेळण्याच्या परवानगीला मी विरोध करीन. पत्रकार वेंडेल स्मिथ या तिघांना घेऊन आले. चाचणी झाली, तिघं घरी गेले आणि संघाकडून पुढे एक शब्दही आला नाही. दोन वर्षांनी, 15 एप्रिल 1947 रोजी, रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि अमेरिकेचा इतिहास बदलला. रेड सॉक्सनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, खेळवला तो 21 जुलै 1959 रोजी. मेजर लीगमधला हा शेवटचा संघ. या संघावर प्रेम करणाऱ्याला हे पान उलटून पुढे जाता येत नाही. रॉबिन्सन आणि टेड विल्यम्स एकाच संघात असते तर 1948 आणि 1949 चं काय झालं असतं, हा प्रश्न मला छळतो. 1948 मध्ये मेअखेरीस रेड सॉक्सचे पराभव विजयांपेक्षा बरेच जास्त होते. मग ते असे काही खेळले की अखेरीस क्लीव्हलंडच्या बरोबरीला आले, 96 विजय, 58 पराभव. आणि निर्णायक सामना फेनवेमध्ये 8-3 नं हरले. 1949 मध्ये पुन्हा तेच. 4 जुलैला ते यांकीजच्या 12 सामने मागे होते. शेवटचे दोन सामने उरले तेव्हा एक पुढे. ते दोन्ही सामने न्यूयॉर्कमध्ये होते आणि दोन्ही गेले. दोन वर्षं, दोन्ही वेळा एका सामन्याचं अंतर, दोन्ही वेळा वसंतातली उधारी.

यांकीजही या बाबतीत फार पुढे नव्हते. त्यांचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, रॉबिन्सननंतर आठ वर्षांनी आला. त्याचा पहिला सामना झाला तो फेनवे पार्कमध्ये, 14 एप्रिल 1955 रोजी. ही तारीख लक्षात ठेवा, कारण बरोबर बारा वर्षांनी हाच माणूस बोस्टनच्या सर्वांत लाडक्या एप्रिलमध्ये पुन्हा येतो.

1966 च्या हंगामात अमेरिकन लीगच्या दहा संघांत रेड सॉक्स नववे होते. दहावे होते यांकीज. दोन्ही घराणी रसातळाला गेली होती. 12 एप्रिल 1967 ला फेनवेमध्ये हंगामाचा पहिला सामना झाला तेव्हा प्रेक्षक होते 8,324. डिक विल्यम्स हा नवा, कडक शिस्तीचा मॅनेजर आला होता, पण कुणाला काही आशा नव्हती. दोन दिवसांनी, 14 एप्रिलला, संघ न्यूयॉर्कला गेला. यांकी स्टेडियममधला त्या वर्षाचा तो पहिलाच सामना. यांकीजकडून चेंडू टाकायला व्हाइटी फोर्ड, त्या काळातला दिग्गज. बोस्टनकडून 21 वर्षांचा डावखुरा बिली रोर. मेजर लीगमधला त्याचा हा पहिला सामना. आदल्या रात्री सहकारी जिम लोनबोर्गनं त्याच्याबरोबर बसून यांकीजच्या एकेका फलंदाजाची उजळणी करून घेतली होती.

आठ इनिंग झाल्या तरी यांकीजला रोरच्या चेंडूवर एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळाला नव्हता. पहिल्याच सामन्यात नो-हिटर म्हणजे बेसबॉलमध्ये जवळजवळ न घडणारी गोष्ट. नवव्या इनिंगच्या सुरुवातीलाच टॉम ट्रेशनं डाव्या मैदानाकडे जोरदार फटका मारला. चेंडू डोक्यावरून जाणार हे उघड होतं. बोस्टनचा कार्ल यास्ट्रझेम्स्की पाठमोरा धावत सुटला, शेवटच्या क्षणी हवेत झेपावला आणि चेंडू हातमोज्यात धरून जमिनीवर कोसळला. त्या झेलाचं रेडिओवर झालेलं वर्णन बोस्टनमध्ये अजून ऐकवतात. पुढचा फलंदाजही बाद झाला. एक राहिला. तो एल्स्टन हॉवर्ड. तीन बॉल, दोन स्ट्राइक. आणखी एक स्ट्राइक पडला असता तर रोरचं नाव इतिहासात गेलं असतं. हॉवर्डनं पुढचा चेंडू उजव्या मैदानात टोलवला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. यांकीजच्या स्वतःच्या प्रेक्षकांनी, स्वतःच्या मैदानावर, हॉवर्डची हुर्यो उडवली. रेड सॉक्स 3-0 जिंकले.

आठवड्यानं फेनवेमध्ये रोरनं यांकीजला पुन्हा हरवलं, 6-1. बस्स. त्या वर्षी तो आणखी एकही सामना जिंकला नाही. मेजर लीगमधले त्याचे एकूण विजय तीन.

आता तो ऑक्टोबर पाहा. चार संघ अखेरच्या आठवड्यापर्यंत झुंजत राहिले. यास्ट्रझेम्स्कीनं .326 ची सरासरी, 44 होम रन आणि 121 धावांची भर अशी तिहेरी आघाडी मिळवली. ऑगस्टमध्ये चेंडू डोळ्याजवळ लागून बोस्टनचा टोनी कोनिग्लियारो जायबंदी झाला. शेवटच्या दोन दिवसांत मिनेसोटाला दोनदा हरवून रेड सॉक्स 92 विजयांवर पोचले. मिनेसोटा आणि डेट्रॉइट, दोघांचेही 91. लीगचं विजेतेपद एका सामन्यानं मिळालं. फेनवेत त्या वर्षी सतरा लाखांहून जास्त प्रेक्षक आले, आदल्या वर्षीच्या दुपटीपेक्षा अधिक. वर्ल्ड सिरीज सेंट लुईसविरुद्ध सातव्या सामन्यात गेली, पण आज बोस्टनमध्ये जे वेड दिसतं ते याच वर्षी पेटलं. रोरचे ते दोन विजय वजा केले तर रेड सॉक्स 90 वर येतात आणि तिसरे ठरतात. लोक यास्ट्रझेम्स्कीचे पुतळे उभारतात, ते योग्यच आहे. मी मात्र रोरचं नाव घेतल्याशिवाय 1967 ची गोष्ट सांगत नाही. आणि हॉवर्ड? ऑगस्टमध्ये यांकीजनी त्याला बोस्टनला दिलं. रोरची ती दुपार हिरावून घेणारा माणूस कॅचर होऊन रेड सॉक्सच्या तरुण पिचरांना शेवटच्या दोन महिन्यांत सांभाळत होता.

1978 बद्दल फार लिहवत नाही. जुलैमध्ये यांकीज 14 सामने मागे होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी फेनवेत येऊन चार सामने मिळून 42-9 असा धुव्वा उडवला. रेड सॉक्सनी शेवटचे आठही सामने जिंकून बरोबरी गाठली, 99-63. 2 ऑक्टोबरला एकच निर्णायक सामना. त्या हंगामात तोवर फक्त चार होम रन मारलेल्या यांकीजच्या बकी डेंटनं बोस्टनच्या माइक टोरेझचा चेंडू हिरव्या भिंतीपलीकडे टाकला आणि यांकीज 5-4 नं जिंकले. सगळं बोस्टन डेंटला दोष देतं. पण 162 सामन्यांनंतर बरोबरी झाली होती. एप्रिलमध्ये हरलेल्या कुठल्याही एका दुपारी निकाल उलटा लागता, तर डेंटला बॅट हातात घ्यायची वेळच आली नसती.

माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा पुरावाही आहे आणि तो नेमका 2004 चा. आदल्या ऑक्टोबरात यांकीजच्या आरन बूननं अकराव्या इनिंगमध्ये बोस्टनच्या टिम वेकफील्डला होम रन मारून बोस्टनचं वर्ष संपवलं होतं. हिवाळ्यात अलेक्स रॉड्रिगेझ बोस्टनला येता येता राहिला आणि यांकीजकडे गेला. 16 एप्रिलला दोन्ही संघ फेनवेमध्ये भेटले तेव्हा पहिला चेंडू टाकायला उभा होता वेकफील्डच. प्रेक्षकांनी उभं राहून त्याचं स्वागत केलं. ते दृश्य मला या खेळातल्या कितीतरी विजयांपेक्षा मोठं वाटतं. तो जिंकला, 6-2. चारपैकी तीन सामने बोस्टननं घेतले. रॉड्रिगेझला 17 प्रयत्नांत एकच हिट. पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये तिन्ही सामने बोस्टनचे. यांकीजचा डेरेक जीटर 32 प्रयत्नांत एकही हिट मिळवू न शकण्याच्या गर्तेत होता. सातपैकी सहा! वाटलं, आता सुटलो.

तरी त्या वर्षी विभाग जिंकला यांकीजनीच, 101 विजयांनी, रेड सॉक्सपेक्षा तीन जास्त. ऑक्टोबरमध्ये लीगच्या अंतिम मालिकेत दोघं पुन्हा भेटले, तेव्हा त्यांनी पहिले तीन सामने घेतले, तिसरा तर 19-8 असा. पुढचे चारही बोस्टननं जिंकले. 0-3 वरून मालिका जिंकणारा मेजर लीगमधला हा आजवरचा एकमेव संघ. मग सेंट लुईसविरुद्ध सलग चार आणि 86 वर्षांनी अजिंक्यपद. एप्रिलच्या सहा विजयांनी यातलं काही घडवलं असं मी म्हणणार नाही. पण चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये यांकीजच्या मारियानो रिव्हेरासमोर उभं राहताना या खेळाडूंना एक गोष्ट पक्की माहीत होती. या संघाला हरवता येतं, आणि या वर्षी आपण त्यांना वारंवार हरवलं आहे. पूर्ण हंगामात 19 पैकी 11 वेळा. पुढच्या वर्षी 11 एप्रिलला फेनवेत अंगठ्या वाटल्या गेल्या तेव्हा समोर यांकीजच होते. प्रेक्षकांनी रिव्हेराचा असा काही जयजयकार केला की तो खळखळून हसला आणि टोपी काढून त्यानं अभिवादन केलं.

या वैरात असा ओलावा आहे, हे बाहेरच्याला पटत नाही. 15 एप्रिल 2013 रोजी, पेट्रियट्स डेलाच, रेड सॉक्सनी टँपा बेला 3-2 नं हरवलं आणि थोड्याच वेळात मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये, अॅरिझोनाविरुद्धच्या सामन्यात, तिसरी इनिंग संपल्यावर यांकीजनी ध्वनिवर्धकावर 'स्वीट कॅरोलाइन' लावलं. हे गाणं फेनवेमध्ये आठव्या इनिंगच्या मध्यात हजारो लोक मिळून गातात. यांकीजच्या प्रेक्षकांनी ते म्हटलं. त्याच वर्षी रेड सॉक्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि 1918 नंतर पहिल्यांदा ती फेनवेमध्येच.

माझा खरा पुरावा मात्र 2011 आहे. त्या वर्षी रेड सॉक्स अजिंक्य ठरणार असं जवळजवळ सगळेच म्हणत होते. टेक्सासमध्ये तीन पराभव, क्लीव्हलंडमध्ये तीन. 0-6. 8 एप्रिलला फेनवेत यांकीज आले आणि पहिला विजय मिळाला, 9-6. पण पहिल्या बारा सामन्यांनंतर नोंद होती 2-10. 'अजून तर एप्रिलच आहे.' खरंच, मग ते भराभर सावरले. यांकीजला तर त्या वर्षी 18 पैकी 12 वेळा हरवलं. बाद फेरीतल्या उरलेल्या एका जागेच्या शर्यतीत सप्टेंबरच्या सुरुवातीला ते टँपा बेपेक्षा नऊ सामने पुढे होते. आणि सप्टेंबरमध्ये ते कोसळले, 27 सामन्यांत फक्त 7 विजय.

28 सप्टेंबर, शेवटचा दिवस. बोस्टन आणि टँपा बे बरोबरीत. बोस्टन बाल्टिमोरमध्ये एका धावेनं पुढे. टँपा बेच्या मैदानावर यांकीज 7-0 नं पुढे. त्या रात्री सगळं बोस्टन आयुष्यात पहिल्यांदा यांकीजच्या विजयासाठी देव पाण्यात घालून बसलं होतं. यांकीजची आघाडी वितळली. बाल्टिमोरमध्ये नवव्या इनिंगमध्ये दोन फलंदाज बाद, बेस रिकामे, बोस्टनच्या जोनाथन पॅपलबॉनच्या हाती चेंडू. एक फटका, दुसरा फटका, आणि रॉबर्ट अँडिनोच्या तिसऱ्या फटक्यावर सामना गेला, 4-3. काही मिनिटांतच टँपा बेच्या एव्हन लाँगोरियाच्या होम रनवर यांकीज 8-7 नं हरले. टँपा बे 91 विजय, बोस्टन 90.

नंतर महिनोन्‌महिने सप्टेंबरची चिरफाड झाली. मॅनेजर टेरी फ्रँकोना गेले. ड्रेसिंग रूममध्ये पिचर काय खात-पीत होते यावर रकाने भरले. सप्टेंबर दोषी होताच. पण त्या पहिल्या सहा पराभवांपैकी एक, फक्त एक, उलटला असता तर निदान बरोबरी झाली असती आणि आणखी एक सामना खेळायला मिळाला असता. त्याबद्दल कुणी रकाने लिहिले नाहीत. एप्रिलमध्ये हरवलेला सामना सप्टेंबरमध्ये दिसत नाही, एवढाच फरक. टँपा बेनंही त्या वर्षी 0-6 नंच सुरुवात केली होती; त्यांनी आपली उधारी फेडली. आणि उलट टोकाचं उदाहरण 2018 चं: पहिल्या 19 सामन्यांत 17 विजय, अखेरीस 108, यांकीजपेक्षा आठ जास्त. त्या हंगामाच्या उत्तरार्धात रेड सॉक्सना धापा टाकत कुणाचा पाठलाग करावा लागला नाही.

म्हणूनच 2023 पासून झालेला एक बदल मला बोचतो. लीगनं वेळापत्रक नव्यानं आखलं. आता प्रत्येक संघ वर्षभरात बाकीच्या सर्व 29 संघांशी खेळतो. त्यासाठी एकाच विभागातल्या संघांचे आपसांतले सामने 19 वरून 13 वर आणले. इतर शहरांतल्या मुलांनाही सगळे मोठे खेळाडू आपल्या मैदानावर पाहता यावेत, हा हेतू चांगला आहे. पण 2022 मध्ये हंगामाचा पहिलाच सामना यांकी स्टेडियमवर या दोघांत झाला होता आणि अकराव्या इनिंगपर्यंत रंगला होता. पुढच्या वर्षी त्यांची पहिली भेट झाली 9 जूनला. 2024 मध्ये 14 जून. 2025 मध्ये 6 जून. तीन वर्षं एप्रिल या वैराविना गेला.

जूनपर्यंत संघ ओळखीचे होऊन जातात. कोण फॉर्मात आहे, कोण दुखापतग्रस्त आहे, सगळं माहीत असतं. टेड विल्यम्स, एल्स्टन हॉवर्ड, बिली रोर ही माणसं एप्रिलमध्ये, थंडीत, कुणाला काही ठाऊक नसताना या सामन्यांत उतरली, म्हणून त्यांच्या नावांना ती धार आहे. वेकफील्डला आधीच्या ऑक्टोबरची जखम ओली असतानाच त्याच फलंदाजांसमोर उभं राहता आलं. दोन महिने उशिरा त्या टाळ्यांना ती ऊब आली नसती. तेरा सामने तर तेरा, संख्येबद्दल माझी तक्रार नाही. त्यांतले तीन एप्रिलमध्ये ठेवा, आणि जमलं तर पेट्रियट्स डेला, सकाळी अकरा वाजता, फेनवेमध्ये.